कीटभृंगन्याय आणि अळीचें रक्त

वाङ्मयांतील दृष्टांत नाण्यांसारखे असतात. एकदां टांकसाळींतून बाहेर पडले कीं पिढ्यान् पिढ्या ते हातोहात फिरतात. घेणारा त्यांवरील छाप पाहतो, धातु पारखून पाहत नाहीं. तसें पाहण्याचें कारणहि सहसा पडत नाहीं. चातक खरोखरच पावसाच्या थेंबांवर जगतो काय, हंस खरोखरच दुधांतील पाणी वेगळें करतो काय, याची चौकशी करीत बसणारा टीकाकार अरसिक ठरतो, आणि तें योग्यच आहे. परंतु एखाद्या जुन्या दृष्टांतामागील विचाराची संवय नव्या गद्यांत शिरली, आणि त्या गद्यावर भरंवसा ठेवून माणसें आपला पैसा व आपलें आयुष्य शेतांत घालूं लागलीं, म्हणजे मात्र धातूची पारख करणें हें टीकेचें कर्तव्य होऊन बसतें. कीटभृंगन्यायाविषयीं आम्ही आज लिहीत आहों तें याच कारणानें.

हा न्याय मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. भृंगी, म्हणजे आपल्या भिंतींवर मातीचें घर बांधणारी कुंभारीण, एक अळी पकडून आणते, तिला त्या घरांत कोंडते आणि घराचें तोंड लिंपून टाकते. कांहीं दिवसांनीं तें घर फोडून जी बाहेर येते ती अळी नसते, दुसरी कुंभारीणच असते. भयानें म्हणा किंवा ध्यासानें म्हणा, कोंडलेली अळी अहोरात्र भृंगीचेंच चिंतन करीत राहिली आणि चिंतन करतां करतां स्वतःच भृंगी झाली, असा याचा अर्थ लावण्यांत आला. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधांत, नवव्या अध्यायांत, अवधूत यदूला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो; त्या चोविसांतील शेवटचा गुरु हीच कुंभारीण होय. पैठणास आरंभ करून १५७३ सालीं काशीस पुऱ्या केलेल्या आपल्या टीकाग्रंथांत एकनाथांनीं हा प्रसंग मराठींत आणला, आणि कीर्तना-प्रवचनांतून तो घरोघर पोंचला. ज्याचा ध्यास घ्यावा तेंच आपण होतों, हा सिद्धांत सांगावयास याहून सोपें व याहून डोळ्यांसमोर घडणारें उदाहरण मिळणें कठीण होतें.

गंमत अशी, कीं हेंच दृश्य चीन देशांतील लोकांनींहि पाहिलें आणि त्यांनीं त्याचा अगदीं निराळा अर्थ लावला. शीचिंग या त्यांच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहांत अळीचें पोर उचलून नेणाऱ्या कुंभारणीचा उल्लेख येतो. तिला स्वतःचीं मुलें होत नाहींत, म्हणून ती अळीला दत्तक घेते आणि आपल्यासारखी करून वाढविते, अशी तेथील समजूत झाली. इतकी, कीं त्या अळीचें नांव चिनी भाषेंत दत्तकपुत्राचें नांव होऊन बसलें. आपण ध्यान पाहिलें, त्यांनीं कुटुंब पाहिलें. ज्या समाजास ज्या गोष्टीचें अगत्य, ती त्यानें एकाच मातीच्या घरांत शोधली. मात्र त्याच चीनमध्यें ताव् हुंगचिंग (४५६-५३६) नांवाच्या औषधिशास्त्रज्ञानें तें घर फोडून आंत काय आहे तें पाहिलें, आणि कुंभारीण स्वतःचें अंडें घालते व अळ्या हें त्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लाचें खाद्य असतें, असें लिहून ठेविलें.

हीच गोष्ट पुढें फ्रान्समध्यें झां आंरी फाब्र (१८२३-१९१५) याने आयुष्यभर कीटकांजवळ बसून बारकाव्यानिशीं दाखविली. कुंभारीण आपल्या नांगीनें अळीला लुळी करते, ठार मारीत नाहीं. मारली असती तर ती कुजली असती. मातीच्या घरांत ती एक अंडें टांगते आणि लुळ्या पडलेल्या अळ्या शिदोरी म्हणून भरून ठेवते. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं त्या ताज्या शिदोरीवर पोसतें, कोष करतें आणि पंख फुटले म्हणजे बाहेर पडतें. म्हणजे आंत गेली ती एक आणि बाहेर आली ती दुसरी. रूपांतर झालें नाहीं; एकीचा मृत्यु झाला आणि दुसरी जगली.

या ठिकाणीं आमच्याकडे दोन प्रकारचे टीकाकार पुढें सरसावतात. पहिला म्हणतो, पहा, संतांना कीटकशास्त्र येत नव्हतें. दुसरा म्हणतो, पहा, अळीचें रूपांतर होतें हें आमच्या पूर्वजांना आधींच ठाऊक होतें. आमच्या मतें दोघेहि दृष्टांताचें प्रयोजन विसरतात. अवधूत यदूला प्राणिशास्त्र शिकवीत नाहीं. तो त्याला चित्त एकाग्र करावयास शिकवितो, आणि जें सर्वांनीं पाहिलें आहे तेवढेंच उदाहरणास घेतो. अळी आंत जाते व कुंभारीण बाहेर येते, हें निरीक्षण बिनचूक आहे. मधल्या काळांत काय झालें याचें अनुमान तेवढें चुकलें. ती चूक हसण्याजोगी नाहीं आणि मिरविण्याजोगीहि नाहीं. संतवाङ्मयाचें मोल तिनें एका गुंजेनेंहि कमी होत नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. या न्यायानें अळीला मन दिलें, पण शरीर दिलें नाहीं. ती भिते, चिंतन करते, तद्रूप होते. परंतु तिच्या अंगांत कांहीं घडतें, ती कांहीं प्रतिकार करते, अशी कल्पनासुद्धां त्यांत नाहीं. आणि अळी म्हणजे ज्याच्यावर दुसरा कोणी कांहीं तरी करतो असा एक मऊ गोळा, ही समजूत न्यायाबरोबरच आमच्या डोक्यांत रुजून बसली आहे. वस्तुस्थिति किती वेगळी आहे हें पाहावयाचें असेल, तर भिंतीवरील मातीचें घर सोडून शेतांत गेलें पाहिजे.

आमचें नांदगाव पेठ हें अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गांव. भोंवतालीं कपाशी, तूर, सोयाबीन, आणि थंडींत हरभरा. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी जी घाटेअळी, तीच कपाशीवर गेली म्हणजे हिरवी बोंडअळी म्हणवून घेते आणि तुरीच्या शेंगांतहि तीच शिरते. या अळीवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आहे. शास्त्रज्ञ तिला कॅम्पोलेटिस क्लोरिडी म्हणतात. ही मातीचें घर बांधीत नाहीं, अळीला लुळी करून ठेवीत नाहीं. लहान वयाच्या अळीच्या अंगांत ती आपलें अंडें टोंचून देते आणि उडून जाते. अळी खात राहते, चालत राहते. आणि तिच्या पोटांत माशीचें पिल्लूं वाढत राहतें. येथें अळीचें शरीर हेंच मातीचें घर झालेलें असतें. परंतु हें घर जिवंत असतें, आणि आंत आलेला पाहुणा त्यास ओळखतां येतो.

अळीचें रक्त आपल्या रक्तासारखें तांबडें नसतें. प्राणवायु वाहून नेण्याचें काम त्याकडे नसल्यामुळें तें बहुधा रंगहीन किंवा किंचित् हिरवट-पिवळें दिसतें. मात्र अळीला टांचणी टोंचून निघालेला थेंब कांचेवर तसाच राहूं दिला, तर थोड्याच वेळांत तो काळवंडतो. असाच प्रकार आमच्या स्वयंपाकघरांत रोज घडतो. वांगें चिरून ठेविलें कीं फोडी काळ्या पडतात, म्हणून गृहिणी त्या पाण्यांत टाकते. वांग्यांतील द्रव्य आणि अळीच्या रक्तांतील द्रव्य एकाच घराण्याचीं नव्हत, पण दोहोंचें काम एका धाटणीचें आहे: तांब्याचे अणु पोटांत बाळगणारें एक विकर हवेंतील प्राणवायु घेऊन फिनॉल जातीच्या पदार्थांस पालटतें, आणि त्या पालटाच्या अखेरीस काळा रंग उमटतो. कीटकांतील या विकरास फिनॉलऑक्सिडेज म्हणतात, आणि त्या काळ्या रंगद्रव्यास मेलॅनिन. आमच्या त्वचेस व केसांस काळेपणा देणारें रंगद्रव्यहि मेलॅनिनच होय. मात्र तेथें तें रंगासाठीं आहे आणि येथें रक्षणासाठीं.

विकर हा शब्द शाळेच्या पुस्तकांनीं रूढ केला आहे, आणि तो चांगला आहे. पण त्याचा अर्थ समजावून देतांना आमचे लेखक बहुधा विरजणाची उपमा देतात. थेंबभर विरजणानें भांडेंभर दूध पालटतें, तसें थेंबभर विकर पुष्कळ द्रव्य पालटतें, इतक्यापुरती ती ठीक आहे. परंतु विरजण जिवंत जंतूंचें असतें व दुधांत वाढत जातें. विकर जिवंत नसतें आणि वाढतहि नाहीं. शिवाय विरजण घालावयास बाहेरून कोणीतरी लागतो. अळीचें विकर तिच्या रक्तांत व रक्तपेशींत आधींपासूनच असतें; फक्त तें झांकून ठेविलेलें असतें.

हें झांकून ठेवणेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. फिनॉलऑक्सिडेज अळीच्या अंगांत प्रथम निष्क्रिय पूर्वरूपांत असतें. जंतूच्या किंवा बुरशीच्या भिंतींत अशीं कांहीं द्रव्यें असतात, कीं तीं अळीच्या स्वतःच्या शरीरांत नसतात. त्यांची ओळख पटविणारीं प्रथिनें रक्तांत फिरत असतात. त्यांस तें परकें द्रव्य सांपडलें, कीं एक विकर दुसऱ्यास जागें करतें, दुसरें तिसऱ्यास, अशी सांखळी सुरू होते. सांखळींतील शेवटचें विकर फिनॉलऑक्सिडेजच्या पूर्वरूपाचा एक तुकडा छाटतें, आणि मग तें कामास लागतें. प्रथम क्विनोन नांवाचीं अत्यंत दाहक द्रव्यें तयार होतात. तीं जंतूंस विषारी असतात. पुढें तींच एकमेकांस जोडलीं जाऊन मेलॅनिन बनतें. जखम झाली असेल तर तिचें तोंड काळ्या खपलीनें बुजतें. माशीचें अंडें आढळलें तर रक्तपेशी त्याभोंवतीं थरावर थर चढवितात, त्या थरांत मेलॅनिन भरतें, आणि आंतील जीव काळ्या कवचांत कोंडून मरतो. फळांवरील बारीक माशीच्या पिल्लांत असें कवच काळ्या ठिपक्यासारखें कातडीबाहेरूनहि दिसतें. न्यायांत भृंगीनें अळीला कोंडलें होतें. येथें अळीच भृंगीच्या अंड्याला कोंडते. दृष्टांत असा उलटा झालेला पाहून एकनाथांसारख्या रसिक पुरुषास आनंदच झाला असता, असें आम्हांस वाटतें.

या शोधाचें श्रेय पुष्कळांचें आहे. जपानांत मासाआकी आशिदा यांनीं रेशमाच्या किड्यावर आणि स्वीडनमध्यें केनेथ सोडरहॅल यांनीं गोड्या पाण्यांतील झिंग्यासारख्या प्राण्यावर अनेक वर्षें काम करून ही सांखळी उलगडली. २००९ सालीं अमेरिकेंत तंबाखूवरील अळीच्या या विकराच्या पूर्वरूपाची अणुरचनाहि उजेडांत आली. पण लेखकास त्यांच्या नांवांहून अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे या रक्षणास पडणारी किंमत. क्विनोन जंतु आणि स्वशरीर असा भेद करीत नाहींत. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पिठांतील भुंगेऱ्यांची प्रतिकाराची यंत्रणा जागी केली असतां त्यांच्याच उत्सर्जक नलिकांस इजा झाल्याचें आढळलें. म्हणूनच अळीच्या रक्तांत ही सांखळी आवरून धरणारीं प्रथिनेंहि असतात. कांहीं जातींत तर अळ्या एकेकट्या वाढल्या तर फिक्या राहतात आणि दाटीनें वाढल्या तर काळ्या होतात. आफ्रिकेंतील लष्करी अळीच्या अशा काळ्या अळ्या विषाणूच्या रोगास कमी बळी पडतात, असें १९९८ सालीं दाखविण्यांत आलें. दाटी झाली कीं रोगाचें भय वाढतें, म्हणून तेव्हांच हा खर्च केलेला परवडतो. थोडक्यांत, हा चुलींतील विस्तव आहे. तो राखेखालीं जपून ठेवावा लागतो, वेळ येतांच फुंकून चेतवावा लागतो, आणि आवरला नाहीं तर घरच पेटवितो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत स्वतःच स्वतःचा वैरी झालेल्या मनुष्यास कोशकीटकाची उपमा दिलेली आहे. कीटकांच्या बाबतींत संतांचा एक दृष्टांत शास्त्रानें मोडला असेल, तर हा दुसरा त्यानें अनपेक्षित रीतीनें उजळला आहे.

मात्र येथेंहि अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. हें एकच विकर म्हणजे कीटकांचें सारें संरक्षण, असें लिहिणारे लेखक आढळतात. तें खरें नाहीं. कीटकांच्या रक्तांत जंतुनाशक लघुप्रथिनें आहेत, जंतूंस गिळून टाकणाऱ्या पेशी आहेत. फळमाशीवरील प्रयोगांत या विकराची सांखळी अडविली तरी माशी कित्येक जंतूंपुढें तग धरते असें दिसून आलें, आणि पुढें कांहीं विशिष्ट जंतूंपुढें मात्र तिची उणीव भोंवते असेंहि दिसलें. नायक एकच असावा ही कादंबरीची गरज आहे, निसर्गाची नव्हे.

आणि नायकापुढें तितकाच तयारीचा प्रतिनायक उभा असतो. कॅम्पोलेटिस ज्या कुळांतील आहे त्या कुळांतील पुष्कळ माश्या अंड्याबरोबर एक प्रकारचे विषाणुकण अळीच्या अंगांत सोडतात. ते माशीच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यांतच पिढ्यान् पिढ्या वसत आलेले असतात, आणि अळीच्या शरीरांत शिरतांच तिची प्रतिकाराची घडी विसकटून टाकतात. दुसऱ्या एका कुळांतील माशीचा असा विषाणु जें प्रथिन तयार करवितो तें फिनॉलऑक्सिडेजच्या सांखळीची कडीच अडवून धरतें, असें २००७ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. रेशमाच्या शेतकऱ्यांस छळणाऱ्या उझी माशीचें कौशल्य याहून निराळें आहे. तिची अळी जेथून रेशमाच्या किड्याच्या अंगांत शिरते तेथें एक काळा डाग उमटतो; रोगट किडा ओळखण्याची शेतकऱ्याची खूण तीच. तो डाग म्हणजे याच विकराचें काम. पण उझीच्या जातीच्या कित्येक माश्यांच्या अळ्या त्या काळ्या आवरणाचीच नळी करून घेतात आणि तींतून बाहेरची हवा ओढून आंत सुखानें जगतात. तुरुंगाच्या भिंतीला खिडकी पाडून तेथेंच बिऱ्हाड करावें, तसा हा प्रकार आहे.

हें सारें वाचकांपुढें ठेवतांना आमचे शास्त्रीय लेखक एकच भाषा वापरतात, ती म्हणजे युद्धाची. पेशी म्हणजे सैनिक, विकर म्हणजे अस्त्र, जंतु म्हणजे शत्रु. शेतीच्या पत्रकांत तर मित्रकीटक आणि शत्रुकीटक अशी सरळ वांटणीच केलेली असते. शेतकऱ्याच्या हिशेबानें ती सोयीची आहे, आणि निदान सर्वच किडे मारावयाचे नसतात एवढें तरी ती शिकविते. म्हणून आम्ही तिला सर्वस्वीं टाकाऊ म्हणत नाहीं. परंतु युद्धाच्या भाषेंत अधिक बळ म्हणजे अधिक विजय असें गृहीत धरलेलें असतें, आणि अळीच्या रक्तांतील सारी खुबी बळ आवरून धरण्यांत आहे. जेथें विस्तव व राख हे शब्द लागतात तेथें तलवार व ढाल हे शब्द घातले, म्हणजे अर्थाचा अर्धा भाग सांडून जातो.

पण याहून गंभीर दोष एका शब्दाच्या वापरांत आहे, आणि त्यासाठींच हा लेख. तो शब्द म्हणजे प्रतिकारशक्ति. अळी आपल्या रक्तांतील विकराच्या साह्यानें जंतूंस वा माशीच्या अंड्यास अडविते, ही तिची प्रतिकारशक्ति होय. ती एका शरीरांत असते, त्या शरीराबरोबर वाढते आणि त्याबरोबर संपते. परंतु वर्तमानपत्रांत आणि बाजारांतील बोलण्यांत हाच शब्द आपण निराळ्याच प्रसंगीं वाचतों व ऐकतों: अमक्या औषधाविरुद्ध अळीची प्रतिकारशक्ति वाढली. येथें शब्द तोच असला तरी वस्तु अगदीं दुसरी आहे. येथें कोणत्याहि एका अळीच्या अंगांत कांहीं वाढलेलें नसतें. लक्षावधि अळ्यांत कांहीं थोड्या जन्मतःच अशा असतात, कीं ते विष त्यांस बाधत नाहीं. बाकीच्या मरतात, या थोड्या उरतात, आणि पुढील पिढी त्यांचीच असते.

वऱ्हाडांत या फरकाला कापसाचें मोल आहे. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली. २००६ सालीं दोन जनुकांचें बियाणें आलें. त्या कापसाच्या पानांत व बोंडांत जें विषारी प्रथिन असतें तें अळीच्या आंतड्यांतील विशिष्ट प्रथिनास चिकटून अळीस मारतें. गुलाबी बोंडअळींत त्या आंतड्यांतील प्रथिनाची घडणच बदललेल्या अळ्या होत्या. भारतांतील शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत तसा बदल आढळल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. कुलूपच बदलल्यावर किल्ली चालेनाशी झाली. यांत फिनॉलऑक्सिडेजचा, रक्ताचा वा मेलॅनिनचा मुख्य संबंध नाहीं. २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कापसाची गुलाबी बोंडअळीनें जी दैना केली ती सर्वांच्या स्मरणांत आहे. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या मृत्यूंचीं कारणें अनेक होतीं. निरनिराळीं विषें एकत्र मिसळणें होतें, उंच वाढलेल्या दाट कपाशींत अंग न झांकतां फवारणें होतें. एका शब्दावर त्या मृत्यूंचा भार टाकण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु शब्द मनुष्याच्या हाताला दिशा देतो हें नाकारतां येत नाहीं.

ती दिशा कोणती तें पहा. अळीची प्रतिकारशक्ति वाढली असें वाचलें कीं मनांत चित्र उभें राहतें तें एका बळावलेल्या अळीचें. काल ती दुबळी होती, आज तिनें औषध पचवून अंग धरलें. अशा अळीवर उपाय काय? अर्थात् अधिक मात्रा. घरांत ताप हटेना म्हणजे आपण वैद्याकडे तीव्र औषध मागतों, तोच तर्क शेतांत चालतो. आतां दुसरें चित्र पहा. बाधणाऱ्या अळ्या मेल्या, न बाधणाऱ्या उरल्या. येथें त्याच विषाची अधिक मात्रा म्हणजे उरल्यासुरल्या बाधणाऱ्या अळ्या निवडून मारणें, आणि न बाधणाऱ्यांस रान मोकळें करून देणें. शिवाय गुलाबी अळी बोंडाच्या आंत बसलेली. फवारा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं, बाहेर वावरणाऱ्या गांधीलमाश्यांपर्यंत मात्र नेमका पोंचतो. पहिल्या चित्रावरून विषाची बाटली हातीं येते. दुसऱ्या चित्रावरून फरदड न घेणें, हंगाम संपतांच पऱ्हाट्या शेतांतून काढून टाकणें, कामगंध सापळे लावणें, बोंडअळीच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाचीं कार्डें लावणें, हे उपाय सुचतात. ट्रायकोग्रामा ही इवलीशी माशी अळीवर जातच नाहीं, अंड्यावर जाते, आणि ताज्या अंड्यांत रक्तपेशींची ती सारी व्यवस्था अजून तयार झालेली नसते. रक्तांतील विस्तव ज्यास समजला, त्यास राख कोठें थंड आहे हेंहि समजतें.

आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल, कीं कीटभृंगन्याय आणि वर्तमानपत्रांतील तें वाक्य यांत चूक एकच आहे. कुंभारणीच्या घरांत एक अळी मेली व दुसरा जीव जगला. आपण म्हणालों, अळी पालटली. कपाशीच्या शेतांत पुष्कळ अळ्या मेल्या व थोड्या उरल्या. आपण म्हणतों, अळी पालटली. दोन्ही ठिकाणीं जन्ममरणाचा हिशेब पुसून त्याजागीं एका जीवाच्या संकल्पाची कथा लिहिली गेली. मनुष्याच्या मनास अशी कथा प्रिय आहे, कारण तो स्वतः एकटा जीव आहे व संकल्पावर जगतो. परमार्थांत ती कथा तारक ठरली, कारण तेथें विषय मनुष्याच्या मनाचाच होता. शेतांत ती मारक ठरते, कारण तेथें विषय अळ्यांच्या पिढ्यांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं भाषेचा हा काथ्याकूट विद्वानांनीं करावा. शेतकऱ्यास कळलें म्हणजे झालें, आणि प्रतिकारशक्ति हा शब्द त्यास कळतो. आम्हीहि तेंच म्हणतों, कीं कळलें पाहिजे. पण ओळखीचा शब्द आणि कळलेली गोष्ट यांत फरक आहे. दुसरा कोणी म्हणेल, कीं मग नवा पारिभाषिक शब्द घडवूं या. त्यासहि आम्ही फारसे अनुकूल नाहीं. संस्कृत धातूस उपसर्ग लावून घडविलेला आणखी एक शब्द कोशांत पडून राहील, आणि लोक जुनाच वापरतील. येथें नव्या शब्दाची गरज नसून एका पुऱ्या वाक्याची गरज आहे. या विषानें न मरणाऱ्या अळ्यांचीच वीण आतां उरली आहे, एवढें वाक्य कोणत्याहि बातमींत बसतें, कोणासहि समजतें, आणि पुढें काय करूं नये तेंहि सांगून जातें. प्रतिकारशक्ति हा शब्द रक्तांतील त्या राखेखालच्या विस्तवासाठीं राखून ठेवावा. तेथें तो शोभतो.

शास्त्रीय विषयांवर मराठींत लिहिणाऱ्यांची संख्या वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांजकडे आमची मागणी एवढीच, कीं दृष्टांत घ्यावयाचा तर तो आधीं फोडून पाहावा. ताव् हुंगचिंगने पंधराशें वर्षांपूर्वीं कुंभारणीचें घर फोडलें तेव्हां त्याला कोणतीहि प्रयोगशाळा लागली नव्हती. त्यास लागलें होतें तें एवढेंच, कीं सर्वांनीं मान्य केलेली गोड कथा क्षणभर बाजूस ठेवून आंत पाहावें. संतांनीं जें पाहिलें तेंच पाहून थांबणें ही त्यांची परंपरा चालविणें नव्हे. त्यांनीं आपल्या काळीं भिंतीवरील कुंभारणीकडे, कोशांतील किड्याकडे, जाळ्यांतील कोळ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें. त्या पाहण्याची परंपरा चालवावयाची, तर आज अळीच्या रक्ताच्या काळ्या पडणाऱ्या थेंबाकडेहि तितक्याच उघड्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे, आणि जें दिसेल तें वऱ्हाडांतील कास्तकारास त्याच्या भाषेंत, पण खरें, सांगितलें पाहिजे.